वर्षाचे शेवटचे पान



नाताळचा गोठा अजून अंगणात उभा आहे, करंज्यांच्या डब्याचा तळ दिसू लागला आहे आणि वर्षाचे शेवटचे दिवस येऊन ठेपले आहेत. या दिवसांत धर्मग्रामाच्या कचेरीत एक वही उघडी असते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या आभाराच्या मिस्सासाठी कुटुंबे आपापले हेतू तिच्यात लिहून जातात. 'वर्षभराच्या उपकारांबद्दल आभार', 'मुलाला नोकरी लागली म्हणून आभार', 'आजारातून बरे केल्याबद्दल आभार' अशा ओळींनी पानेच्या पाने भरतात. त्या ओळी वाचण्याची आम्हा धर्मगुरूंना सवय होऊन जाते. सवय झाली की शब्दाचा अर्थ हळूहळू झिजतो. आज या शब्दाचा अर्थ आपण पुन्हा शोधू या. मला तो एका कुटुंबाने शिकवला. ते माझ्या आधीच्या धर्मग्रामातील. त्यांच्या परवानगीने, ओळख न सांगता, त्यांची हकिकत लिहीत आहे.

कोरी राहिलेली ओळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळाआधीच्या आठवड्यात एक गृहस्थ कचेरीत आले. वय पन्नाशीच्या आसपास. त्यांनी वहीत कुटुंबाचे नाव लिहिले आणि त्यांचे पेन थांबले.

"फादर, पुढे काय लिहू?"

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "दरवर्षी हा मिस्सा आमचे पप्पा सांगायचे. जुलैमध्ये पप्पा गेले. त्याआधी मार्चमध्ये माझी कंपनी बंद पडली. सप्टेंबरात पोरगी शिकायला परदेशी गेली. आता जेवायला बसलो की घर अर्धं वाटतं. 'आभार' लिहिलं तर खोटं लिहिल्यासारखं होतं. नाही लिहिलं तर पप्पांचा नेम मोडतो."

मी म्हटले, "पप्पांच्या आत्म्यासाठी लिहा ना."

"ते लिहिणारच आहे फादर. माझा प्रश्न दुसऱ्या शब्दाचा आहे."

मी सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे. जगात दुःख का आहे, या विषयावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. त्या शिदोरीतून मी त्यांना पाच-सात मिनिटे उत्तर दिले. त्यांनी मान डोलावली, "बरं फादर" म्हणाले आणि ती ओळ तशीच कोरी ठेवून निघून गेले. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण त्यांच्या कामाचेही नव्हते.

असा प्रश्न घेऊन या आठवड्यात चर्चमध्ये येणारी माणसे आपल्यात आहेत. कोणाच्या घरी या वर्षी प्रेतपेटी निघाली, कोणाच्या घरी लग्न मोडले, कोणाची वाडी विकली गेली. शेजारच्या बाकावरचे कुटुंब आनंदाने आभार मानते, आणि आपल्या ओठांवर तो शब्द येत नाही. मग आपली श्रद्धा कमी पडते आहे, असे मनाला लागून राहते. अशा प्रत्येकासाठी हा धडा आहे.

ख्रिस्तसभा वर्ष कसे संपवते?

आपल्याकडे ३१ तारखेला मुले जुन्या कपड्यांत पेंढा भरून 'म्हातारा' करतात आणि मध्यरात्री त्याला जाळतात. मौज आहे, मुलांना करू द्या. पण त्यातला विचार जरा तपासा. जुने वर्ष म्हणजे नकोसा झालेला म्हातारा, तो एकदाचा गेला की आपण सुटलो, असा तो विचार आहे. ज्या घराला वर्ष कठीण गेले त्याला तर हा विचार फारच पटतो. जाळा आणि विसरा!

ख्रिस्तसभेची रीत वेगळी आहे. ती जुन्या वर्षाला जाळत नाही, वेदीवर आणते. ३१ डिसेंबरला 'ते देऊम' हे प्राचीन आभारस्तोत्र गाण्याची परंपरा आहे. वर्षाच्या अखेरच्या दिवशी जे भाविक हे स्तोत्र सामुदायिकरीत्या म्हणतात, त्यांना नेहमीच्या अटींवर (पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, परमगुरूंच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाविषयी अनासक्ती) ख्रिस्तसभा पापदंडाची पूर्ण माफी देते. म्हणजे आभार आणि क्षमा यांची तिने एकाच दिवशी गाठ घातली आहे.

नाताळच्या अठवड्यातील रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतो. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९३ साली हा सण सुरू केला आणि परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२१ साली तो सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला. मग येतो १ जानेवारी, देवमाता मरियेचा सोहळा. १९६९ साली उपासना-दिनदर्शिकेची सुधारणा झाली, तेव्हापासून वर्षाचा पहिला दिवस पवित्र मरियेच्या मातृत्वाला वाहिलेला आहे. १९६८ पासून तोच जागतिक शांतिदिनही आहे. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात संत लूक सांगतो की, जे जे घडले ते सारे मरियेने मनात साठवले आणि त्यावर ती चिंतन करीत राहिली (लूक २:१९). तिने काही गाळले नाही. गव्हाणीत बाळाला ठेवावे लागले ते दुःख आणि मेंढपाळ धावत आले तो आनंद, दोन्ही तिने एकाच हृदयात ठेवले. वर्षाच्या उंबरठ्यावर ख्रिस्तसभा आपल्यापुढे हा आदर्श ठेवते.

आभार म्हणजे जमाखर्च नव्हे

आपण कुठे चुकतो? आपण आभाराला दुकानदाराच्या वहीप्रमाणे वागवतो. एका बाजूला वर्षाची जमा, दुसऱ्या बाजूला वर्षाचा खर्च. जमा जास्त निघाली तर देवाचे आभार, खर्च जास्त निघाला तर अबोला. अशा हिशेबात देव आपला पिता राहत नाही, पुरवठादार होतो.

संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की, सर्व परिस्थितीत आभार माना (१ थेस्सलनीका ५:१८). त्याचा शब्द 'परिस्थितीत' असा आहे, हे नीट लक्षात घ्या. आपल्या बापाच्या मरणाबद्दल, मुलाच्या आजाराबद्दल देवाला धन्यवाद द्या, असे तो तेथे सांगत नाही. इफिसकरांच्या पत्रात तो सर्व गोष्टींबद्दल आभार मानायला सांगतो (इफिस ५:२०), हे खरे. पण तेही 'प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने'. ज्याला क्रूसावर खिळले त्याच्या नावाने. वाईटाला चांगले म्हणा, असा त्याचा अर्थ नाही. वाईटातही देवाने हात सोडला नाही, एवढा त्याचा अर्थ आहे. प्रभू येशू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि त्याच ठिकाणी डोळे वर करून त्याने पित्याचे आभार मानले (योहान ११:३५, ४१). अश्रू आणि आभार यांच्यामध्ये सहा ओव्यांचेही अंतर पुरते नाही.

दुसरी गोष्ट. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे उघडून पाहा. त्यांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. स्तोत्रकर्ता देवाला विचारतो, जाब मागतो, किती दिवस म्हणून ओरडतो. आणि ही स्तोत्रे ख्रिस्तसभेने प्रार्थनेतून काढून टाकली नाहीत. म्हणून ज्यांचे मन यंदा जड आहे त्यांनी आभाराच्या मिस्साला रडत यायला हरकत नाही. देवापुढे खोटे हसण्यापेक्षा खरे रडणे ही अधिक चांगली प्रार्थना आहे.

तिसरी गोष्ट दहा कुष्ठरोग्यांची (लूक १७:११-१९). दहाही जण बरे झाले, पण परत आला तो एकटा, आणि तोही परका शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांनाही आरोग्य मिळालेच. पण परतून आलेल्याला आरोग्यापेक्षा अधिक काही मिळाले, त्याला येशू मिळाला. आभार मानण्याचे फळ हेच आहे. देणगीकडून आपण दात्याकडे वळतो. देणगी हातातून गेली तरी दाता उरतो.

बदलते काय, टिकते काय?

वर्षाच्या शेवटी मनाला सर्वांत जास्त सलतो तो बदल. तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच वर्षी आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवला जाई. तो म्हणतो की, कुठल्याही बदलात काहीतरी बदलते आणि त्याखाली काहीतरी टिकून राहते. हिरवे पान पिवळे होते तेव्हा रंग बदलतो, पान तेच असते. काहीच टिकले नाही, तर 'बदल झाला' असे म्हणायलाही जागा उरत नाही.

आपल्या वसईच्या बागायतदाराला हे ॲरिस्टॉटलने सांगायची गरज नाही. केळीचे खोड एकदाच घड देते. घड उतरला की खोड तोडावे लागते. पाहणाऱ्याला वाटते, झाड संपले. पण जमिनीखाली कंद जिवंत असतो आणि त्याच्या कडेने मुनवे वर आलेले असतात. ज्याची नजर फक्त खोडावर आहे तो रडतो. ज्याला कंद ठाऊक आहे तोही हळहळतो, पण पाणी द्यायचे थांबवत नाही.

आपल्या डोळ्यांदेखत किती बदल झाले! जिथे राजेळीच्या बागा होत्या आणि घरोघरी उन्हात सुकेळी वाळत असत, तिथे आज इमारती आहेत. २००९ साली महानगरपालिका आली, गावांची शहरे झाली. मुले शिकली, परदेशी गेली. २५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्यातून गेले. त्यांनी केलेला 'सुबोध बायबल' हा अनुवाद मात्र आपल्या हाती आहे. २०२५ साली, ईस्टरच्या रविवारी परमगुरू फ्रान्सिस यांनी रोमनगरीला आणि जगाला आशीर्वाद दिला आणि दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, ते प्रभूघरी गेले. ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ परमगुरू म्हणून निवडले गेले. जगभरच्या मिस्सात एक नाव गेले, दुसरे आले, प्रार्थना तीच राहिली. फ्रान्सिस यांनी ज्या ज्युबिली वर्षाला 'आशेचे यात्रेकरू' हे बोधवाक्य दिले, ते वर्ष चालू असतानाच त्यांची स्वतःची यात्रा पूर्ण झाली. वर्ष मात्र थांबले नाही.

पवित्र कुटुंबाचेही असेच झाले. संत मत्तय सांगतो की, हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफाला स्वप्नात आज्ञा झाली आणि तो रात्रीच मायलेकरांना घेऊन इजिप्तला निघाला (मत्तय २:१३-१५). मागे घर, सुतारकामाची गिऱ्हाइके, नातेवाईक, सगळे सुटले. परत आल्यावरही ठरवल्याप्रमाणे झाले नाही. यहुदियात जायला भीती वाटली, म्हणून ते गालीलात नाझरेथला जाऊन राहिले (मत्तय २:२२-२३). नाताळच्या कार्डावर हे चित्र क्वचितच असते. पण लक्षात घ्या, पत्ता तीनदा बदलला, त्या घरातला इम्मानुएल बदलला नाही. येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुगे तोच आहे, असे इब्री लोकांस पत्र सांगते (१३:८). ख्रिस्ती घराचा कंद तो आहे. नोकरी, वाडी, आपली लाडकी माणसे ही त्या कंदावरची खोडे आहेत. ती मोलाची आहेत, त्यांच्यासाठी रडायलाच हवे. पण ती तुटली म्हणून कंद मेला, असे होत नाही.

भिंतीवरचे कॅलेंडर

आता त्या कुटुंबाकडे परत जाऊ. ती कोरी ओळ माझ्या मनातून जात नव्हती. २८ डिसेंबरला संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. या वेळी बोलायचे नाही, ऐकायचे, असे ठरवून गेलो. आलतारापुढे रोझरी झाली. शेजारी पप्पांचा हार घातलेला फोटो होता. चहा झाला. बोलता बोलता नातवाने स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. आपल्या सर्वांच्या घरी असते तसेच: गॅस लावल्याची तारीख, दुधाचे खाडे, लाइट बिल, कोणाचे लग्न, कोणाची वर्षाची मिस्सा. आम्ही जानेवारीपासून एकेक पान वाचू लागलो.

पहिल्या सहा महिन्यांची अक्षरे पप्पांची होती. ठळक, जुन्या वळणाची. मार्चच्या एका चौकोनात फक्त 'कंपनी' एवढाच शब्द होता. एप्रिल जवळजवळ रिकामा. त्यावर घरची सून म्हणाली, "एप्रिलमध्येच मी डबे सुरू केले. पहिले तीन डबे शेजारणींनी लावले. त्यांना गरज नव्हती, मला कळत होतं." जूनच्या पानावर मुलाची फी होती. ती तिच्या भावाने न मागता भरली होती.

९ जुलैला 'गॅस लावला'. ती पप्पांची शेवटची नोंद. त्यानंतरचे अक्षर सुनेचे. एका चौकोनात 'रक्त ३ बाटल्या' असे लिहिले होते. कोणी कोणी दिले, मी विचारले. एक आळीतला तरुण. दुसरा नेहमीचा रिक्षावाला, आपल्या धर्माचा नव्हे. तिसरे नाव सांगताना त्या गृहस्थांचा आवाज बदलला. तो त्यांचा शेजारी होता. बांधाच्या वादावरून अकरा वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते. तो न बोलावता हॉस्पिटलात आला, रक्त देऊन गेला. "मी त्यांना अजून काही बोललो नाही फादर," ते म्हणाले. सप्टेंबरच्या पानावर 'विमान रात्री २' असे होते. तिथे कोणीच काही बोलले नाही.

तेवढ्यात नातवाने विचारले, "ह्या रिकाम्या चौकोनांचं काय?"

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे घरी होते. जेवले, झोपले. लिहिण्यासारखं काही झालं नाही म्हणून कोणी लिहिलं नाही."

वर्षाच्या ३६५ चौकोनांपैकी बहुतेक रिकामे होते. ते सगळे दिवस आपण देवाला न विचारता घेतले, असे मला त्या क्षणी वाटले. माझ्या स्वतःच्या वर्षाविषयीही वाटले.

शेवटी डिसेंबरचे पान आले. ३१ तारखेच्या चौकोनात पप्पांच्या अक्षरात लिहिलेले होते: 'आभार मिस्सा'.

जुलैमध्ये गेलेल्या माणसाने डिसेंबरच्या पानावर कधी लिहिले? आजी म्हणाल्या, "नवीन कॅलेंडर आलं की ते सर्वांत आधी तेवढंच लिहायचे. मग वाढदिवस. दर वर्षी." मुलाला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्याला वाटत होते की, पप्पा वर्षाचा हिशेब करून, चांगले गेले म्हणून आभार मानत आले. प्रत्यक्षात वर्षात काय येणार हे कळण्याआधीच त्यांचे आभार ठरलेले असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ कचेरीत आले आणि वहीतील कोरी ओळ त्यांनी भरली: 'पप्पांच्या आत्म्यास शांती मिळो म्हणून, आणि आभार.' जाताना म्हणाले, "फादर, दुःख गेलेलं नाही." मी म्हटले, "ते जायला हवं असंही नाही. त्यालाही मिस्साला घेऊन या." ३१ च्या रात्री मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मी त्यांना शेजाऱ्याशी बोलताना पाहिले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही.

आधीच मानलेले आभार

त्या वृद्ध गृहस्थांनी कुठलेही तत्त्वज्ञान वाचलेले नव्हते. पण ते दर रविवारी मिस्साला येत होते, आणि मिस्सात जे घडते तेच त्यांनी कॅलेंडरवर उतरवले होते. मिस्साला आपण 'युखरिस्त' म्हणतो. या ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन असा आहे. प्रभू येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते केव्हा? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री (१ करिंथ ११:२३-२४). पुनरुत्थानानंतर, सगळे चांगले झाल्यावर नव्हे. क्रूस समोर होता, यहुदा उठून जाणार होता, पेत्र नाकारणार होता, आणि हे सर्व ठाऊक असताना त्याने आभार मानले. वल्हांडणाच्या भोजनात ११३ ते ११८ ही स्तुतिस्तोत्रे गाण्याची यहुदी परंपरा आहे. स्तोत्र गाऊनच प्रभू आणि शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे मार्क सांगतो (१४:२६). गेथशेमनीच्या वाटेवर स्तुतीचे सूर होते. आणि पुढे त्याच बागेत त्याने हा प्याला दूर कर, अशीही विनवणी केली. आभार मानणाऱ्यालाही भीती वाटते, रडू येते. त्याने आभार खोटे ठरत नाहीत.

संत अगस्तीन 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा विचार करतो. तो म्हणतो, गेलेले आता नाही, येणारे अजून नाही, तरी आपल्या मनात तिन्ही काळ वर्तमान असतात: स्मरण म्हणून, अवधान म्हणून आणि प्रतीक्षा म्हणून. ख्रिस्ती कुटुंबाचे वर्षअखेरचे चिंतन हेच आहे. स्मरणातून आभार, अवधानातून समर्पण, प्रतीक्षेतून श्रद्धा. त्या वृद्धाच्या एका नोंदीत तिन्ही होते.

घरी करून पाहा

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ साली परमगुरूंची मान्यता मिळाली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी आभाराची आहे. पापांची यादी नंतर. आधी उपकार आठवले, म्हणजे पापही बापाच्या घरात राहून पाहता येते. तीच वाट वर्षासाठी आणि घरासाठी अशी वापरता येईल:

१. ३१ तारखेच्या आधी एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून आलतारापुढे अर्धा तास एकत्र बसा. मेणबत्ती लावा. पवित्र आत्म्याला प्रकाश मागा.

२. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून महिन्यामहिन्याने वाचा. नोंदी मोबाइलात असतील तर त्या आधी कागदावर उतरवा. ज्या माणसांच्या हातून देव आपल्यापर्यंत आला, त्यांची नावे मोठ्याने घ्या. रिकामे दिवस विसरू नका.

३. जे गमावले त्याचेही नाव घ्या. घाई करू नका. कोणी रडले तर त्याला समजावत बसू नका, त्याच्याबरोबर थांबा.

४. घरात किंवा शेजारी कोणाची क्षमा मागायची राहिली आहे काय, ते प्रत्येकाने मनात पाहावे. शक्य असेल तर वर्ष संपण्यापूर्वी पापनिवेदन करावे आणि त्या माणसाचे दार ठोठवावे.

५. नव्या वर्षाचे कॅलेंडर आणा आणि घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून ३१ डिसेंबरच्या चौकोनात 'आभार' असे लिहून घ्या. मगच वाढदिवस लिहा.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. या वर्षी माझ्या घरात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता? त्या बदलात काय टिकून राहिले?

२. आभार मानणे मला कोणत्या प्रसंगी कठीण गेले? तेव्हा मी देवाशी खरे बोललो, की गप्प राहिलो?

३. आपल्या आळीत या वर्षी कोणत्या घरी दुःख झाले? ३१ च्या मिस्साला त्यांना आपल्याबरोबर आणण्यासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे पित्या, वर्षाचे शेवटचे पान आम्ही तुझ्या हाती देतो. त्यावर जे लिहिले गेले आणि जे रिकामे राहिले, दोन्ही तुझे आहे. जी माणसे तू आम्हाला दिलीस त्यांच्यासाठी, आणि ज्यांना तू आपल्या घरी नेलेस त्यांच्यासाठी आम्ही तुझ्यापुढे उभे आहोत. आमचे दुःख लपवायला आम्हाला लावू नकोस, आणि त्या दुःखात तू दिलेला हात विसरू देऊ नकोस. उद्याचे पान कोरे आहे. त्यावर पहिला शब्द आभाराचा लिहिण्याची श्रद्धा आम्हाला दे. मरिये, तू सर्व काही मनात साठवलेस, आम्हालाही साठवायला शिकव. आमेन.

कचेरीतील वही ३१ तारखेच्या दुपारपर्यंत उघडी आहे. ज्यांची ओळ अजून कोरी आहे त्यांनीही या. काय लिहायचे ते सुचले नाही तर नुसते कुटुंबाचे नाव लिहा, वेदीवर आम्ही ते वाचू.

नूतन वर्षाच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा!

आपला,
प्रमुख धर्मगुरू